म्हातारा अटका

लांडगा म्हटलं की आपल्याला आधी दातच आठवतात, पण ते दात झिजलेला, दुपारभर एका कुशीवर उन्हात लोळणारा लांडगा काही कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही. जंगलात तसा तो फारसा नसतोच म्हणा, सहा-आठ वर्षांत कारभार आटोपतो. उपासमार, दुसऱ्या कळपाशी मारामारी, नाहीतर माणसाची गोळी. अटका मात्र 16 वर्षं जगला.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला साउथ सेलमला वूल्फ कन्झर्व्हेशन सेंटर आहे, 1999 साली एलेन ग्रिमो या फ्रेंच पियानोवादक बाईंनी एका फोटोग्राफर मित्राबरोबर सुरू केलेलं (पियानो आणि लांडगे, काय कॉम्बिनेशन आहे!). अटका आर्क्टिक लांडगा, पांढराशुभ्र, 2002 च्या मे महिन्यात जन्मलेला आणि तान्हा असतानाच इथे आणून माणसांच्या हातावर वाढवलेला. कारण त्याच्यासाठी नोकरी आधीच ठरली होती, अँबॅसडर लांडगा. पिंजऱ्यात बसायचं, व्हॅनमधून कुठल्यातरी शाळेत नाहीतर हॉलमध्ये जायचं, तिथे पट्टा लावलेल्या अवस्थेत उभं राहून लोकांना वास घेऊ द्यायचा, म्हणजे खरं तर तोच सगळ्यांचा वास घ्यायचा. लहानपणापासून गोष्टीतला दुष्ट लांडगा ऐकलेली पोरं समोरचा खराखुरा लांडगा बघून एकदम गप्प होत असणार.

मी त्याला बघितला तो बहुतेक वेबकॅमवरच, आणि तेव्हा तो म्हातारा झालेला होता. ऑफिसचं काम एका खिडकीत आणि अटका दुसऱ्या खिडकीत, असे माझे कित्येक तास गेले, बॉसला सांगू नका. बरेचदा तो फक्त झोपलेला असायचा. पण उठायचा तेव्हा बघण्यासारखं असायचं, आधी पुढचे पाय टेकवायचा, मग जरा थांबायचा, इकडे तिकडे बघायचा जणू काही थांबण्याचं कारण वेगळंच आहे, आणि मग मागचा भाग उचलायचा, अगदी भिंतीला हात लावून उठणाऱ्या आणि वर 'मला काही झालेलं नाहीये' म्हणणाऱ्या आजोबांसारखा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंगावरची लोकर गुठळ्या-गुठळ्यांनी सुटायची आणि एवढा देखणा प्राणी पार फाटक्या गादीतून बाहेर आल्यासारखा दिसायचा.

त्याच सेंटरमध्ये मागच्या बाजूला मेक्सिकन आणि रेड वूल्फ राहतात, म्हणजे जंगलातून जवळजवळ नाहीसे झालेले दोन प्रकारचे अमेरिकन लांडगे, त्यातल्या बहुतेकांना लोकांपासून मुद्दाम लांब ठेवतात, कारण उद्या जंगलात सोडायची वेळ आली तर त्यांना माणसाची भीती असलीच पाहिजे. आज जगात जेवढे मेक्सिकन लांडगे आहेत ते सगळे फक्त 7 जनावरांचे वंशज आहेत. 2016 पासून तर ब्रीडिंग सेंटरमध्ये जन्मलेली, दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं जंगलातल्या मादीच्या बिळात तिच्या पिल्लांमध्ये मिसळून ठेवतात आणि ती बिचारी सगळी आपलीच समजून वाढवते. हे सगळं चालायला लोकांचा पाठिंबा लागतो, तो मिळवायचं काम अटकासारख्याच्या गळ्यात. बाकीच्यांना लपून राहता यावं म्हणून एकाने जन्मभर लोकांसमोर उभं राहायचं, हे मला पटतंही आणि पटतही नाही.

2018 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. दिवसभर उगाचच चिडचिड झाली माझी, कुणाला सांगणार तरी काय, की कधी हात न लावलेलं जनावर गेलं म्हणून.

शेवटी सासवडकडच्या मामाला फोनवर सांगितलं. त्याच्या भागात आपला देशी लांडगा अजून आहे, काटकुळा, मातकट रंगाचा, माळरानावर राहणारा. कायद्याने वाघाइतकंच संरक्षण त्याला, पण माळरान म्हणजे पडीक जमीन असं धरून तिथे प्लॉट पडतायत आणि वर गावातल्या मोकाट कुत्र्यांशी संकर होतोय तो वेगळाच. धनगरांचे वाडे त्याच माळावर असतात, त्यामुळे मामाला लांडग्याचं कौतुक मोजूनमापूनच. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खायला काय घालायचे त्याला? मेंढरं?"

म्हटलं नाही रे मामा, रस्त्यावर गाडीखाली आलेली हरणं आणून देतात तिकडे.

"म्हणजे रोज हरीण, वर फिरायला गाडी," मामा म्हणाला, "आमच्याकडचा लांडगा ऐकेल हां, हळू बोल."