तीस उंदीर आणि हळदीचं जेल

एम.फार्मच्या प्रोजेक्टचा विषय घरी सांगितला, तेव्हा तो विषय आहे असं कुणालाच वाटलं नाही. "जखमेला हळद चालते की नाही, हे शोधायला कॉलेजात जावं लागतं?" काकू म्हणाली. तिचं काय चुकलं? विळीने बोट कापलं की आजी सहाणेवर हळकुंड उगाळायची, खोबरेल तेलात कालवून लावायची आणि बोट बरं व्हायचं. लावलं नसतं तरी बरं झालं असतं का, हे आमच्या घरात कुणी तपासलं नव्हतं. माझं काम तेवढंच होतं.

आम्ही फोंडा तालुक्यातले, माशेल जवळच. त्यामुळे हळद आणि जखम म्हटलं की माशेलकरांचं नाव निघणारच. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते माशेलमध्ये जन्मलेले रघुनाथ माशेलकर. शाळेत असताना यावर मी हातवारे करून भाषण ठोकलंय. प्रोजेक्टच्या निमित्ताने सगळं नीट वाचलं, तेव्हा कळलं की पेटंट रद्द झालं ते 'हा उपयोग नवा नाही' म्हणून. हळदीने जखम खरंच लवकर भरते का, हा तिथला वादच नव्हता. म्हणजे माझ्यासाठी प्रश्न शिल्लक होता!

पहिले दोन महिने जेलने खाल्ले. हळदीतला कामाचा पदार्थ कर्क्युमिन, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतो, पण उघड्या जखमेवर अल्कोहोल कोण चोळणार? शेवटी प्रॉपिलीन ग्लायकॉलवर भागवलं. जेलसाठी कार्बोपोल. ही पांढरी भुकटी पाण्यावर अगदी चिमटी-चिमटीने भुरभुरायची आणि रात्रभर फुगू द्यायची. घाई केली की साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात. सकाळी त्यात ट्रायइथेनॉलअमीन या अल्कलीचे थेंब टाकले की दुधाळ पाणी बघता बघता घट्ट आणि नितळ होतं. पहिल्या खेपेला माझा हात सुटला, दोन थेंब जास्त पडले आणि पिवळ्याधमक जेलमध्ये विटकरी लाल रेघ उमटली. मी घाबरले. माझ्या गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कुंकू कसं करतात, माहीत आहे ना?" हळद आणि चुना! अल्कलीत कर्क्युमिन लाल होतं, शिवाय लवकर खराबही होतं. मग पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, सहाच्या आसपासच थांबवायला शिकले. तोवर चार बॅच मोरीत गेल्या होत्या.

दुसरा टप्पा प्राण्यांच्या नैतिक समितीचा. फॉर्म बी भरताना वाटलं होतं, ही नुसती सह्यांची कसरत असेल. जुन्या प्रबंधांत बघून मी उंदराच्या पाठीवर पाचशे चौरस मिलिमीटरची जखम लिहिली होती. समितीतल्या पशुवैद्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तुम्ही भरलेली जखम मोजणार की ओढली गेलेली कातडी?"

मला उत्तर देता आलं नाही. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो कडा आत ओढून घेतो आणि जखम बटव्यासारखी मिटते. माणसात तो थर जवळजवळ नाहीच, त्यामुळे आपली जखम मुख्यतः तळातून नवं मांस येऊन आणि वर नवी त्वचा सरकून भरते. उपाय त्यांनीच सांगितला: आठ मिलिमीटरची छोटी जखम करायची आणि तिच्याभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवायची, म्हणजे कडा आकसत नाहीत. वेदनाशामक द्यायचं, तेही सगळ्या गटांना सारखंच. 'एका गटात सहाच उंदीर का, चार का नाहीत' यावर आणखी अर्धा तास गेला. दुसऱ्या बैठकीत मंजुरी मिळाली. त्या दिवशी चडफडत बाहेर पडले होते. आज वाटतं, आख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

गट पाच: काहीच न लावलेला, नुसतं कोरं जेल लावलेला, कमी हळदीचा, जास्त हळदीचा आणि मेडिकलमध्ये मिळणारं फ्रामायसेटिन या अँटिबायोटिकचं मलम लावलेला. कोणता उंदीर कुठल्या गटात, हे लॅब असिस्टंटने चिठ्ठ्या उचलून ठरवलं. एकत्र ठेवले की एकमेकांच्या जखमा चाटतात, चावतात, म्हणून तीस उंदरांना तीस पिंजरे.

पावसाळा ऐन भरात होता. लाइट गेली की एसी बंद, हवा दमट, आणि खाली अंथरलेला भाताचा तूस ओलसर होऊन ड्रेसिंगला चिकटायचा. रोज सकाळी गॉझ सोडवायचं, सलाईनने पुसायचं, जेल लावायचं, पुन्हा गॉझ. तिसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या पिंजऱ्याशी गेले, तर साहेब मागच्या दोन पायांवर उभे, आणि मिशा पिवळ्या. रात्री गॉझ फाडून सगळं जेल फस्त! पाठीच्या मधोमध लावलेलं तिथवर कसं पोचलं, देव जाणे. त्यानंतर जखमेची जागा मानेकडे, त्यांचं तोंड पोचणार नाही अशी घेतली असती तर बरं, असं रोज वाटायचं. तीन उंदरांच्या कड्याही निघाल्या, त्यांची मोजणी सोडून द्यावी लागली.

औषधाला सुट्टी नसते. चवथीच्या दिवशी घरी पातोळ्या उकडत होत्या आणि मी कदंबाची बस शोधत होते. संध्याकाळी परतले, तर पिवळी बोटं बघून काकू म्हणाली, "आम्हाला न सांगताच हळद लागली वाटतं!"

हा पिवळा रंग मात्र नुसता चेष्टेचा विषय नव्हता. जखम मोजणाऱ्याला गट कळता कामा नये, हा साधा नियम, आणि इथे प्रत्येक हळदीची जखम लांबूनच ओरडून सांगत होती. मी मोजलं असतं, तर पिवळ्या जखमा मला बारीकच दिसल्या असत्या. खोटेपणाने नाही, आजीमुळे. मग फोटोंना सांकेतिक नंबर दिले आणि कॉम्प्युटरवर त्यांतला फक्त हिरवा भाग वेगळा काढला. त्यात लाल जखम काळी दिसते आणि हळदीचा डाग आजूबाजूच्या कातडीत जवळजवळ मिसळून जातो. ते करडे फोटो वर्गमैत्रिणीकडे दिले. तिने प्रत्येक जखमेची कड माउसने आखली, कशाची कुठली हे न कळता.

नंबर उघडले त्या दुपारी आलेख बघून मी मॅडमना फोन केला, म्हटलं काहीतरी चुकलंय. कोऱ्या जेलची रेघ आणि हळदीच्या दोन्ही रेघा एकमेकींना खेटून चालल्या होत्या. मागे पडला होता तो काहीच न लावलेला गट. खपली कोरडी, आणि गॉझबरोबर उचकटणारी. मॅडम म्हणाल्या, "विंटर वाचलास का?" जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर दाखवलं होतं, की ओलसर ठेवलेली जखम उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा खूप लवकर नव्या त्वचेने झाकली जाते. माझ्या जेलमधलं पाणी बरंचसं काम करत होतं. कोरं जेल लावलेला गट नसता, तर ते सगळं श्रेय हळदीच्या खात्यावर जमा झालं असतं, आणि काकूला मी तसंच सांगितलं असतं.

चौदाव्या दिवशी उंदरांना मारून त्वचेचे तुकडे कुजू नयेत म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवले. त्याबद्दल फार लिहीत नाही. त्या दिवशी डबा तसाच परत नेला. पुढे त्या तुकड्यांचे पातळ काप मॅसन ट्रायक्रोम या रंगांनी रंगवलेल्या काचा आल्या. त्यात कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, निळं दिसतं, आणि जास्त हळदीच्या गटात निळे धागे जरा दाट, जरा सरळ वाटत होते. खूश व्हायची तेवढीच एक जागा होती, आणि तिथेही माझीच माती: त्या गटातल्या दोन बाटल्यांवरची लेबलं फॉर्मलिन ओघळून पुसली गेली होती. दोन नमुने बाद झाले, चार उरले. चारांवर मॅडमनी 'प्रभावी' हा शब्द काही लिहू दिला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे प्रबंध चाळला आणि विचारलं, "मग हळदीला गुण आहे की नाही?"

"जखमेच्या आकारात कोऱ्या जेलपेक्षा वेगळा दिसला नाही, सर. कोलॅजनमध्ये असू शकेल, पण नमुने चारच उरले."

"लेबल कशाने लिहिलं होतं?"

"जेल पेनने, सर."