आमची वाटचाल : मिरजेची वाफ

मिरजेत ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हटलं की समोरचा विचारतो, सतारीचं की ऑपरेशनचं? आमचा संबंध ऑपरेशनच्या अवजारांशी, तोही थेट नाही. ती ज्यात निर्जंतुक होतात, त्या ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्याची, दुरुस्ती, सुटे भाग आणि आता लहान आकाराची नवी यंत्रं, हा आमचा धंदा.

तो याच गावात का चालतो, हे सांगायला रेल्वेपासून सुरुवात करावी लागते. पुणे-लोंढा मार्गावर मिरज जंक्शन झालं आणि १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उघडलं. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडचे पेशंट आगगाडीनं उतरू लागले. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुढं गल्लोगल्ली नर्सिंग होम झाली, आणि जिथं ऑपरेशन तिथं ऑटोक्लेव्ह आलाच.

आमचं दुकान मुळात स्टोव्ह-बत्ती दुरुस्तीचं. खेड्यातल्या दवाखान्यांत विजेचा भरवसा नव्हता, उभा ऑटोक्लेव्ह रॉकेलच्या स्टोव्हवर चढायचा. स्टोव्हचा निपल आणि पंपाचा वॉशर बदलायला येणारे कंपाउंडर झाकणाचं रबरही विचारू लागले, आणि दुकानाची दिशा बदलली. त्या काळी काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळून वापरत. रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, भोकं बघून, पावडर मारून पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जात. उकळत्या पाण्यानं धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू खात्रीनं मरत नाहीत; दाबाखालची वाफ लागते ती त्यासाठी. डिस्पोजेबल सिरिंजा आल्या तशी सिरिंज उकळायच्या भांड्यांची दुरुस्ती संपली. उत्पन्न घटलं खरं, पण ते काम गेलं हे चांगलंच झालं.

आजही येणाऱ्या तक्रारींत पहिली हीच : ‘काटा १५ पौंडांवर आहे, तरी टेपच्या रेघा नीट काळ्या होत नाहीत.’ ही टेप म्हणजे तापलेल्या वाफेत रेघा काळ्या होणारी चिकटपट्टी. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, आत हवा अडकलेली असते. दर चौरस इंचाला १५ पौंड दाब म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, हे गणित निव्वळ वाफेचं आहे. निम्मी हवा आत राहिली तर त्याच काट्याला तापमान ११२च्या आसपासच भरतं. म्हणून वाफेचा कॉक उघडा ठेवून तापवायचं; आधी फुसफुस येते, मग सलग जोरदार धार लागते. ती धार पाचेक मिनिटं जाऊ द्यायची, मगच कॉक बंद. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून : उघड्या अवजारांना १५ ते २० मिनिटं, कपडे भरलेल्या ड्रमला, म्हणजे बाजूला खिडक्या असलेल्या पत्र्याच्या डब्याला, ३०. बटण दाबल्यापासून मोजणारे अजूनही भेटतात.

दुसरी गोष्ट उंचीची. मिरज समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथं बाहेरचीच हवा विरळ, म्हणून काटा १५ दाखवतो तेव्हा आत एखादा अंश कमी असतो. दर हजार फुटांना अर्धा पौंड या हिशेबानं आम्ही इथं १६ पौंडांवर चालवायला सांगतो. महाबळेश्वरला १७ लागतात. मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह त्या दाबाआधीच उडत नाही ना, हे तपासूनच.

ड्रमच्या बाजूच्या खिडक्या आत ठेवताना उघड्या आणि बाहेर काढल्याबरोबर बंद, एवढं एक सूत्र पाळलं तरी पुष्कळ. बंद खिडक्यांचा ड्रम बाहेरून कडक तापतो, टेपही काळी होते, कारण टेप बाहेर चिकटवलेली असते. एक पट्टी आतल्या गाऊनच्या घडीत ठेवा. कपडे इतकेच भरा की घड्यांमधून हात सहज फिरेल. कपडे ओले निघतात ते बहुधा घाईमुळे : दाब शून्यावर आल्यावर झाकण बोटभर उघडून १० मिनिटं तसंच ठेवायचं असतं. सलाईनच्या काचेच्या बाटल्या असतील तर वाफ सोडायचीच नाही, दाब आपोआप उतरू द्यायचा. नाहीतर पाणी उसळून बुचं उडतात.

हीटर जळण्याचं कारण या भागात जवळजवळ ठरलेलं : बोअरचं जड पाणी. कॉइलवर पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत लाल होऊन तुटते. डिस्टिल्ड पाणी घाला, म्हणजे प्रश्नच मिटला. नसेल तर महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅम, गरम पाण्यात अर्धा तास, नंतर दोनदा साधं पाणी. भांडं ॲल्युमिनियमचं असेल तर कॉस्टिक सोड्याचा विचारही नको, तो धातूच खातो.

गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची वाफ अडवणारी कडी, आम्ही सिलिकॉनचंच देतो. साधं रबर स्वस्त पडतं, पण वाफेनं लवकर कडक होऊन चिरतं. झाकणाच्या चाव्या समोरासमोरच्या जोडीनं थोड्या थोड्या आवळायच्या. एका बाजूनं आवळत गेलं की गॅस्केट एकीकडं चेपतं, आणि वाफ दुसरीकडून निघते.

१९९८च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनंतर वेगळं काम आलं. कचऱ्याला १२१ अंशांवर किमान ६० मिनिटं लागतात. तो ऑटोक्लेव्ह अवजारांना वापरायचा नाही. आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या अशा यंत्राच्या झाकणावर आम्ही लाल रंगात ‘कचरा’ असं लिहूनच परत देतो.