वाऱ्यातला दोन फुटांचा पट

गोल्फमध्ये वाऱ्याचा त्रास लांब फटक्याला, होलाजवळून चेंडू हलकेच आत ढकलायच्या फटक्याला, म्हणजे पटला, कसला वारा, असं म्हणणाऱ्याने सोसाट्याच्या दिवशी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अठरा होल खेळावेत. तिथलं मैदान, लिंक्स, म्हणजे समुद्र आणि शेतजमिनीच्या मधला वाळूचा पट्टा. झाड औषधालाही नाही. आडोसा काय तो गुडघाभर गवताचा आणि काटेरी गॉर्स झुडपांचा. जुन्या मैदानांवर बरेचदा पहिले नऊ होल एका दिशेने लांब जायचं, उरलेले नऊ खेळत परतायचं. जाताना वारा तोंडावर असला, तर येताना पाठीशी. पण भरतीबरोबर वारा फिरतो असं तिथले लोक सांगतात, आणि तसं झालं तर परतीलाही तोंडावरच.

माझा मेव्हणा पुण्यात, झाडांच्या रांगांमधून खेळणारा. त्याचा चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, टपकन बसतो. इथे त्याने वाऱ्याविरुद्ध अंगातला सगळा जोर काढला. जोराबरोबर चेंडूची उलटी फिरकीही वाढते. शेहेचाळीस ग्रॅमचा तो जीव वर, आणखी वर चढला आणि निम्म्या वाटेत कोसळला. आमच्यासोबतच्या स्थानिक आजोबांनी हात छातीपर्यंतच मागे नेऊन चेंडू नुसता ढकलला. तो डोक्याएवढ्या उंचीवरून गेला आणि कडक जमिनीवर घरंगळत ग्रीनवर पोचला. पूर्वी ब्रिटनमध्ये जरा लहान चेंडू चालायचा, वाऱ्याला कमी सापडणारा. ओपन या ब्रिटनमधल्या मोठ्या स्पर्धेत 1974 पासून मोठा सक्तीचा झाला, 1990 मध्ये लहान कायमचा बाद. या मैदानांपुरता तरी तो ठेवायला हवा होता.

खरी फजिती ग्रीनवर. पाय फाकून, गुडघे वाकवून उभं राहावं, तर पँटचे पाय फडाफडा वाजतात. पटर, म्हणजे पट मारायची काठी, चेंडूमागे टेकवला की तिचं टोक थरथरतं. झोत ओसरेपर्यंत थांबावं, तर अंग त्याच्यावर रेललेलं असतं. तो थांबला की आपणच पुढे झुकतो. 2015 च्या ओपनला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाच्या अकराव्या ग्रीनवर चेंडू जागेवर ठरेनात. शनिवारचा खेळ अर्ध्या तासात थांबवावा लागला, तो दहा तासांहून जास्त; स्पर्धा संपली सोमवारी.

त्यावर 2019 पासून नियम असा: ग्रीनवरचा चेंडू खूण करून उचलून परत ठेवला असेल आणि मग वाऱ्याने हलला, तर जुन्या जागी आणायचा. उचललाच नसेल तर वारा नेईल तिथून खेळायचा. होलात नेला तर होलात!

मेव्हण्याचा चेंडू होलापासून दोन फुटांवर डुगडुगत होता. वाऱ्याची दिशाही होलाकडेच.

"खूण कर आणि उचल," मी म्हटलं.

"भाऊजी, थांबा हो. फुकटचा जातोय आत."

चेंडू निघाला, होलाच्या काठाला वळसा घालून उतारावरून खालच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, गेला. आजोबांनी काही न बोलता दंताळं उचलून त्याच्या हातात दिलं, वाळू सारखी करायला.