जुनापाणीचं शिळावर्तुळ कागदावर उतरवताना

नागपूरहून काटोल रोडने गेलं की जुनापाणीचं बरड लागतं. तिथल्या सखल टेकाडांवर लोहयुगातली दफनं आहेत. भोवती मोठ्या दगडांचं कडं आणि आत माती-गोट्यांचा भराव, अशी त्यांची रचना. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८७९ साली या वर्तुळांवर लिहिलं. परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदलेली आहेत. जागा संरक्षित आहे. त्यामुळे आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यायची आणि कुदळ घरीच ठेवायची.

पावसाळ्यानंतर गवतात अर्धे दगड दडलेले असतात. जानेवारीनंतर ते वाळून आडवं झालं की काम सोपं होतं. कुसळं मात्र तेव्हाही मोज्यांत शिरतातच.

आधी खातरजमा करायची. शेत साफ करून धुऱ्याला टाकलेल्या दगडांचा ढीगही लांबून असाच दिसतो. त्या ढिगाचे दगड मोकळे असतात आणि हलवले की डुगडुगतात. वर्तुळातले दगड जमिनीत रुतलेले असतात, त्यांच्या फटींत माती घट्ट बसलेली असते आणि कड्याचे दगड आतल्या गोट्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात.

मोजणीत खरी अडचण मधल्या फुगवट्याची. टेप त्यावरून नेला की तो उंचवट्यावर चढतो आणि व्यास जास्त भरतो. म्हणून मी मध्यातून रेषा घेतच नाही. १२ मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती १४ मीटर बाजूचा चौरस आखतो. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या नाहीत. वाळूच्या पिशवीत उभे केलेले रॉड चालतात. दोन्ही कर्ण १९.८० मीटर भरले की चौरस बरोबर. मग बाजूवर टेप ताणून प्रत्येक दगडापर्यंत काटकोनात माप घ्यायचं. हे आडवं माप कुठेच पावणेतीन मीटरच्या फार वर जात नाही, त्यामुळे चूकही लहानच राहते. काटकोनासाठी वेगळं उपकरण लागत नाही: टेपचं शून्य दगडावर धरून दुसरं टोक बाजूच्या रेषेवर फिरवायचं, सर्वांत कमी आकडा येईल तो काटकोन. उतारावर टेप आडवा धरून ओळंबा सोडावा लागतो. वारा असेल तर टेपला झोळ पडतो. तेव्हा लांब मापं सकाळीच उरकावीत.

दिशेसाठी होकायंत्र दगडावर ठेवू नका. इथला काळा पाषाण चुंबकीय असतो, सुई फसते. चार पावलं दूर उभं राहून दोन ठिकाणांहून वाचन घ्यावं.

नकाशा १:५० प्रमाणात जागेवरच काढायचा. १२ मीटर म्हणजे कागदावर २४ सेंटिमीटर. दगडांना उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्यायचे आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची व कल लिहायचा. घरी जाऊन काढू म्हटलं, की दोन शेजारच्या दगडांचे आकडे हमखास अदलाबदल होतात.

सगळ्यात वेळ खातात ते काही दगडांवर कपासारखे कोरलेले खळगे. पाषाणात वायूच्या बुडबुड्यांचे नैसर्गिक खड्डेही असतात, पण ते वेडेवाकडे, लहानमोठे आणि कसेही विखुरलेले. कोरलेले खळगे गोल, साधारण एकाच मापाचे आणि बऱ्याचदा ओळीत असतात. दुपारच्या उन्हात ते दिसतच नाहीत. उन्हं कलल्यावर, किंवा टॉर्च दगडाला लागून तिरपी धरली, की काठाची सावली उमटते. फोटो तेव्हाच, शेजारी मोजपट्टी ठेवून. उठून दिसावेत म्हणून खडूने भरू नका. खडू छिद्रांत बसतो, आणि पुढच्याला खरा काठ कुठला ते कळत नाही.