लेथवाले मामा आणि सोळा बाइट

आमची लॅब म्हणजे उद्यमनगरातल्या एका गाळ्याच्या माळ्यावरची खोली. खाली लेथ, शेजारी वेल्डिंग. चिपमध्ये लपवलेली किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारा गुप्त आकडा, बाहेरून काढता येते का, हे आम्ही तपासतो. आसपासचे लोक आम्हाला मोबाइल रिपेअरवाले समजतात. समजू देत.

त्या दिवशी टेबलावर दूध संकलन केंद्रातलं मशीन होतं. लिटर, फॅट, रक्कम यांची नोंद एईएस या सांकेतिक कुलपाच्या पद्धतीने कुलूपबंद करून पेनड्राइव्हवर टाकणारं. मधल्यामध्ये कुणी आकडा फिरवू नये म्हणून. मशीन बनवणारे मालक स्वतः घेऊन आले होते. "एईएस टाकलंय की सर, बँकावाले पण तेच वापरतात. तुमचं सर्टिफिकेट मिळालं की झालं."

बोलणं खोटं नव्हतं. १२८ बिटांची किल्ली एकेक करून लावून बघायची म्हटली तर शक्यतांची संख्या ३९ अंकी होते. पण चिप विजेवर चालते, आणि किती वीज ओढते ते बारकाईने मोजलं तर किल्ली हाती लागते, हे पॉल कोचर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलंय. कारण मग किल्लीच्या सोळा बाइटांतला, म्हणजे आठ-आठ बिटांच्या तुकड्यांतला, एकेक सुटा गाठता येतो. एका बाइटला २५६ अंदाज, सोळांना मिळून ४०९६. लॅपटॉपला ते चहा होईपर्यंतचं काम.

चिपजवळचे कपॅसिटर काढले, कारण ते विजेतले चढउतार गिळून टाकतात. सप्लायच्या वाटेत दहा ओहमचा रेझिस्टर टाकला आणि त्यावर प्रोब लावला. स्कोपवर, म्हणजे विजेचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर, एईएसच्या दहा फेऱ्या उमटल्या: नऊ सारखी टेकाडं आणि दहावं जरा आखूड. शेवटच्या फेरीत एक पायरी कमी असते ना. ही टेकाडं दिसली की मला अजूनही बरं वाटतं.

पुढे मात्र गाडी अडली. सीरियल पोर्टवरून पाच हजार खोट्या नोंदी पाठवल्या, तेवढे आलेख घेतले, आणि हाती आला नुसता गोंधळ. खालचा लेथ सुरू झाला की आलेख थरथरायचा. सप्लाय बॅटरीवर घेतला, लॅपटॉपचा चार्जर उपटला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंग थांबलं तेव्हा खाली उतरलो आणि लेथवाल्या मामांना म्हटलं, अर्धा तास मशीन बंद ठेवाल का?

"आवाजाचा तरास व्हतोय व्हय?"

"आवाजाचा नाही मामा. वर एक चिप आहे, ती वीज कशी खाते ते मोजतोय. त्यावरून तिच्या आत काय चाललंय ते कळतं."

आता थट्टा होणार असं वाटलं. मामांनी हात पुसले. "त्यात काय? मोटर कशी कण्हती त्यावरनं मी पाठ फिरवून सांगतो, ओतीव बीड लागलंय का एमएसचं मऊ पोलाद." आणि स्विच पाडून चहाला निघून गेले. कोचर यांचा पेपर समजायला मला तीन वाचनं लागली होती.

पुन्हा पाच हजार आलेख. प्रत्येक अंदाजासाठी चिपच्या आतल्या आकड्याच्या बिटांत किती '१' येतील ते मोजायचं आणि विजेच्या चढउताराशी ताडून बघायचं. खरा अंदाज बाकीच्या २५५ मधून मान वर काढतो. पहिला बाइट आला: २बी (बाइट असाच आकडा-अक्षरांत लिहितात). लाल रंगात. मग ७ई, १५, १६. सगळे लाल.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सरावाची किल्ली आधीच भरलेली असते, आणि तिच्याशी जुळलेला बाइट लाल दिसतो. म्हणजे मी मशीनऐवजी आमचाच सरावाचा बोर्ड मोजत बसलो होतो की काय? वायरी तपासल्या. बोर्ड तर कपाटात होता. पंधरा बाइट लाल. सोळावा निघत नव्हता, कारण नोंदीत त्या जागी कायम एकच आकडा असायचा. मी तिथे सरावाच्या किल्लीतला ३सी टाकला, एक नोंद स्वतः एईएसमधून काढली आणि पेनड्राइव्हवरच्या नोंदीशी ताडली. अक्षर न अक्षर जुळली.

२बी ७ई १५ १६ ने सुरू होणारी ही एईएसच्या २००१ च्या प्रमाण दस्तऐवजात उदाहरणादाखल छापलेली किल्ली आहे. शिकणारा प्रत्येक जण हीच टाकून बघतो. दिवसभर वीज ऐकून आम्ही जे खणून काढलं ते जगभर फुकट वाचायला मिळतं. हसावं की चिडावं कळेना.

संध्याकाळी मालकांनी आमच्यासमोरच त्यांच्या प्रोग्रामरला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "सर, ती टेस्टिंगला टाकलेली. बदलायची राहिली."

"सगळ्या मशिनींत तीच?"

"हो सर."

ही किल्ली बदलायची तर प्रत्येक मशीन उघडून चिप नव्याने भरावी लागणार होती. मालकांनी खिशातली डायरी काढली आणि गावं मोजायला लागले: कागल, मुरगूड, गारगोटी, राधानगरी... खाली लेथ पुन्हा सुरू झाला होता.