काळी गाडी, बोअरचं पाणी आणि सिरॅमिक कोटिंग : सांगलीतला माझा अनुभव

गाडीच्या रंगावर लावायचा पातळ पारदर्शक थर, म्हणजे सिरॅमिक कोटिंग, करून घेऊ का, असं मला हल्ली कुणी ना कुणी विचारतंच. गाडी काळी आहे आणि पावसाळा काढून पण चमकतेय, म्हणून विचारतात. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, सांगलीत पेंटचं सगळ्यात जास्त वाटोळं बोअरचं पाणी करतं, ऊन आणि पाऊस त्याच्या मागून येतात. कोटिंग करा नाहीतर करू नका, पाण्याकडं लक्ष दिलं नाही तर पैसे गेलेच म्हणून समजा.

माझी गाडी सेकंड हँड घेतलेली सेडान. राहायला विश्रामबागला, अपार्टमेंटला पार्किंग आहे पण वर छप्पर नाही, आणि दिवसभर गाडी मार्केट यार्डात उन्हात उभी. हळदीचे सौदे चालू असले की काचेवर पिवळी पावडर, थंडीत साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख उडत येते, मोहराच्या दिवसात आंब्याखाली लावली की तुडतुड्यांचा चिकटा, आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा राडा पार दरवाजाच्या हँडलपर्यंत. पण हे सगळं वेळेत धुतलं की निघतं. न निघणारे ते पाण्याचे डाग.

आधीच्या मालकाकडं गाडी रोज सकाळी बोअरच्या पाण्यानं पाइप मारून धुतली जायची आणि तशीच उन्हात वाळायची. बॉनेटवर वाकून बघितलं की एकात एक अडकलेली पांढरट गोल कडी दिसायची, नख फिरवलं तर त्यांची कड नखाला लागायची. शाम्पू मारला, गाडी ओली असेपर्यंत डाग गायब, वाळली की परत हजर. आंघोळीच्या बादलीला जो पांढरा खार बसतो तोच हा. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम मागं राहतं आणि पाणी उडून जातं. मे महिन्यात काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही एवढं ते तापतं, तिथं थेंब वाळायला कितीसा वेळ लागणार. आणि एकदा बसलेला खार तसाच तापत राहिला की तो नुसता वर बसत नाही, खालच्या क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, खड्डा पाडतो. मग व्हिनेगरनं पण काम होत नाही, पॉलिशच मारावं लागतं.

मी टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा (लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), दोन-तीनशे रुपयांना मिळतो. नळाचं पाणी २०० च्या आसपास दाखवलं, आमच्या बोअरचं १,१०० च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात, पण ते पिण्यापुरतं झालं, काळ्या पेंटवर ५०० चं पाणी पण वाळलं की डाग सोडतं. आणखी एक, बरेच जण आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी साठवतात आणि त्यानं गाडी धुतात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. कृपा करून ते करू नका. मशीननं पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा खार त्याच बाहेर पडणाऱ्या पाण्यात असतो. फरशी पुसा, संडासात टाका, गाडीवर नको.

आता कोटिंगचं. तीन-चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी सांगितलं, नाइन एच आहे, दगड लागला तरी ओरखडा नाही, पाच वर्षं धुवायची पण गरज नाही. मी तिथून तसाच निघालो. नाइन एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाचा कडकपणा, वेगवेगळ्या पेन्सिली ठराविक दाबानं ओढून बघायच्या ती टेस्ट. त्याचा किल्लीच्या ओरखड्याशी किंवा डंपरमागून उडणाऱ्या खडीशी काही संबंध नाही. कोटिंगचा थर असतो एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कधी त्याहूनही कमी. एवढा थर दगड काय अडवणार! तो जे करतो ते वेगळं आहे. सिलिका बेसचं ते लिक्विड क्लिअर कोटला घट्ट धरतं आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की पाणी, चिखल, पक्ष्यांची घाण चिकटून बसत नाही, लवकर सुटते. म्हणजे धुणं सोपं होतं आणि घाण काढायला हातात थोडा जास्त वेळ मिळतो. माझ्या मते पैसे द्यायचे ते एवढ्यासाठीच.

शेवटी कुपवाड एमआयडीसीकडच्या एका पोराकडं गेलो. दुकान छोटं, पण त्यानं रेट सांगायच्या आधी पेंटची जाडी मोजायचं मीटर काढलं, तिथंच माझं मन बसलं. बॉनेट १०५ मायक्रॉन, छत ११०, उजवे दरवाजे शंभराच्या आसपास, आणि मागचा डावा दरवाजा थेट २४०. "दादा, ह्या दरवाजाला रंग मारलाय, गाडी घेताना सांगितलेलं का?" नव्हतं सांगितलं, आणि डोळ्यानं बघून कधी कळलंही नसतं. त्यानं समजावलं की ह्या शंभर मायक्रॉनमध्ये प्रायमर, रंग सगळं आलं, वरचा क्लिअर कोट त्यातला साधारण चाळीस-पन्नासच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारं केमिकल त्याच क्लिअर कोटमध्ये असतं. म्हणून दर दिवाळीला "रबिंग मारून देतो" म्हणणाऱ्यांपासून गाडी लांब ठेवायची, प्रत्येक रबिंगला तो थर झिजतो, आणि एकदा तो गेला की छत आणि बॉनेट पांढुरकं पडायला लागतं. जुन्या गाड्यांची छतं बघा, सोलून निघाल्यासारखी दिसतात, ती अशीच.

रेट ठरला २२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यात खरी मेहनत कोटिंगची नाहीच, आधीच्या तयारीची. मी यार्डातून सुट्टी काढून तिथं खुर्ची टाकून बसलो, त्यालाही काही वाटलं नाही, उलट बोलवून बोलवून दाखवत होता.

आधी फोम मारून धुलाई. मग खालच्या पट्टीवर चिकटलेलं डांबर काढायचं लिक्विड. मग आयर्न रिमूव्हर, आणि हे मला फार बघण्यासारखं वाटलं. पारदर्शक पाणी फवारलं आणि मिनिटाभरात दरवाजांवरून, चाकांवरून जांभळे ओघळ यायला लागले. ब्रेकची झिजलेली लोखंडी धूळ पेंटमध्ये रुतून बसते ती अशी विरघळून बाहेर पडते. माझ्या गाडीला जरा जास्तच निघालं, मिरज जंक्शनच्या बाहेर गाडी लावून रेल्वेनं पुण्याला जायचं माझं नेहमीचं आहे, रुळांकडची लोखंडी धूळ पण त्यात असणार. त्यानंतर क्ले बार, म्हणजे पेंटवर फिरवून रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. त्यानं माझ्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बॉनेटवरून फिरवायला लावलं. नुसत्या हाताला गुळगुळीत लागत होतं, पिशवीतून मात्र बारीक वाळू पसरल्यासारखं खरखर लागलं. क्ले फिरवून झाल्यावर परत तसंच केलं, काही नाही, हात सरकत गेला. ही पिशवीची युक्ती घरी कुणीही करून बघा, फुकटची आहे.

मग पॉलिश. बॉनेटला मधोमध टेप लावून एका बाजूला मशीन चालवलं. ड्युअल अॅक्शनचं मशीन, भराभर एकाच जागी गरगरणारं नाही. टेप काढला तर एका बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे आणि खाराची कडी, दुसऱ्या बाजूला वरची ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसत होती. ज्या ठिकाणी खार खोल गेलेला तिथले थोडे डाग त्यानं मुद्दाम ठेवले. "काढता येतील दादा, पण क्लिअर कोट लय खाल्ला जाईल, नको." ह्या एका वाक्यासाठी मला तो पोरगा आवडला. गिऱ्हाइकाला खूश करायला घासत बसणारे खूप असतात.

पॉलिशमधलं तेल राहिलं तर कोटिंग धरत नाही म्हणून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून सगळी गाडी पुसली. तोवर संध्याकाळ. मेअखेरचे दिवस, दुपारी उकाडा, चारनंतर ढग भरून यायचे, वळीव कधी कोसळेल सांगता येत नव्हतं. कोटिंग त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घेतलं, शटर ओढून, आत एसी लावून. कारण तापलेल्या पत्र्यावर आणि दमट हवेत ते लिक्विड भराभर वाळायला लागतं, मग पुसायला वेळच मिळत नाही. बाटली एवढीशी, ५० मिलीची, त्यातली पण सगळी लागली नाही. स्पंजच्या ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळायचं, चार-पाच थेंब टाकायचे, अर्ध्या पॅनेलवर आडवं-उभं फिरवायचं आणि लाइट तिरका धरून बघत राहायचं. पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग उमटले की पुसायची वेळ झाली. कोटिंगच्या माहितीपुस्तकात काही मिनिटं लिहिलेली असली तरी आपल्याकडच्या हवेत ते रंग लवकर येतात, म्हणून तो घड्याळाकडं नाही, पेंटकडं बघत होता. पुसलेली कापडं परत वापरत नाहीत, त्यात कोटिंग वाळून कडक होतं आणि पेंटला ओरखडे काढतं.

सगळं झाल्यावर मागच्या डाव्या दरवाजाच्या हँडलखाली एक गडद पट्टा दिसला, ओला हात लागल्यासारखा. त्याला हाय स्पॉट म्हणतात, तिथं जास्तीचं लिक्विड पुसायचं राहून वाळलेलं. वेळेत सापडलं म्हणून थोडं कोटिंग परत त्याच जागी लावून मऊ करून पुसलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी दिसला असता तर पॉलिशनं काढून परत करावं लागलं असतं. गाडी ताब्यात घेताना उन्हात आणि लाइटखाली दोन्हीकडं बघून घ्या, विशेषतः गडद रंग असेल तर.

रात्री गाडी तिथंच ठेवली, आणि त्याच रात्री वळीव झाला, गारांसकट. पहिले चोवीस तास तरी पाणी लागू द्यायचं नसतं आणि आठवडाभर शाम्पू नको, त्यामुळं "संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडं मेमध्ये करू नका.

घरी आल्यावर पहिलं काम वॉचमन मामांशी बोलायचं. ते रोज सकाळी एकच फडकं एकाच बादलीत बुडवून सगळ्या गाड्या पुसतात, मनापासून करतात, पण पहिल्या गाडीची माती दुसऱ्या गाडीवर घासली जाते, कोळ्याच्या जाळ्याचे ओरखडे तिथूनच येतात. म्हटलं, "मामा, महिन्याचे पैसे तेवढेच, पण माझ्या गाडीला फडकं लावू नका, फक्त काचा पुसा." त्यांना आधी वाईट वाटलं, त्यांचं काही चुकलं की काय म्हणून. खाली बसून शेजारच्या गाडीच्या बॉनेटवरची रेघ दाखवली तेव्हा पटलं. आता शेजारच्या गाड्यांना पण ते दोन बादल्या घेतात.

पावसाळ्यात फरक कळला. पेठनाक्यावरून हायवेला लागून पुण्याला जाऊन आलं की गाडी चिखलानं माखलेली, घरी नुसतं प्रेशरचं पाणी मारलं की बराचसा राडा खाली. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, कोटिंगवर थेंब जास्त गोल आणि उभे राहतात, आणि बोअरच्या पाण्याचा असा थेंब उन्हात वाळला तर डाग आधीपेक्षा ठळक उठतो. पावसाच्या पाण्यात खार जवळपास नसतो, त्यामुळं पावसात भिजली तर मी निवांत असतो. गच्चीवरून येणाऱ्या पाइपखाली एक पिंप ठेवलाय, पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी सोडून दिलं आणि मग भरून घेतलं, त्याचा टीडीएस पन्नासच्या खाली दाखवतो. शेवटचं पाणी त्याचं आणि लगेच जाड टॉवेलनं टिपून घेतो, घासत नाही. पिंप संपला की नळाचं. सकाळी ऊन यायच्या आत किंवा सावलीतच. तरी चुकून हलका डाग राहिला तर पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून, थंड पत्र्यावर, आणि नंतर धुऊन टाकायचं.

पक्ष्यांच्या घाणीसाठी डिकीत पाण्याची फवारणीची बाटली आणि मऊ कापड असतं. ओलं कापड दोन मिनिटं वर ठेवायचं, मऊ झालं की उचलून घ्यायचं. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं तर कोटिंग असू दे नाहीतर नसू दे, ठसा राहतोच.

खडीचं मात्र कोटिंगनं काही वाचवलं नाही. हायवेला सहापदरीचं काम चाललंय, डंपरमागं अडकलो आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला एक टवका गेलाच. त्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म, ती खरंच दगड झेलते पण पूर्ण गाडीला लाखाच्या घरात जाते. ज्यांचं हायवेचं रोजचं आहे त्यांनी पुढचा बंपर आणि बॉनेट एवढ्यालाच फिल्म आणि बाकीच्याला कोटिंग केलेलं बरं, मी पण आता तेच करणार आहे.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. माझ्या कागदात तीन वर्षं लिहिलंय, पण दर सहा महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स केलं तरच, आणि पाण्याचे डाग, पक्ष्यांची घाण, ओरखडे वॉरंटीत नाहीत. म्हणजे सांगलीत जे होतं ते सोडून बाकी सगळं वॉरंटीत आहे. तरी मेंटेनन्स मी करून घेतो, कारण पाणी पूर्वीसारखं सुटत नसलं की वेळेत कळतं. पुढची तारीख त्यानं गाळपाच्या दिवसातली दिलेली, ती मी मार्चअखेरची करून घेतली आणि वॉरंटीत तेवढी सूट कागदावर लिहून घेतली. गाळप चालू असताना टॉपअप, म्हणजे वरून परत पातळ थर, करून काय उपयोग, वर राख पडतच राहणार, आणि ती राख कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, आधी पाण्यानं उडवायची.