हुकूम पोचला, पाय हलेना

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी एरवी जागच्या हलत नाहीत. अँजिओप्लास्टीत भिंत दुखावली की प्लेटलेटमधून पीडीजीएफ हे प्रथिन सुटतं आणि या पेशी आतल्या थराकडे सरकू लागतात. वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं हे एक कारण. हे सरकणं रोखणारं एक रसायन मी तपासत होते. त्या दिवशी मात्र रसायन न दिलेल्या पेशीही हलल्या नाहीत.

वरच्या कप्प्यात सीरमविना, म्हणजे रक्तातल्या पोषक द्रवाविना, उपाशी ठेवलेल्या पेशी, खाली मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम पीडीजीएफ, मध्ये 8 मायक्रॉन भोकांचा पडदा. पेशी भोकापेक्षा मोठी, म्हणून अंग चोरूनच पलीकडे जायचं. सहा तासांनी पडद्याची वरची बाजू कापसाच्या काडीने पुसायची आणि खालच्या बाजूच्या पेशी जांभळ्या रंगवून मोजायच्या. या पुसण्यावर हात बसायला मला दोन महिने लागले. कड राहिली की आकडा फुगतो, जोर लागला की पडदा फाटतो.

एरवी शंभरेक पेशी दिसायच्या तिथे दोन-तीन. सर म्हणाले, "पीडीजीएफ मेलंय, नवीन मागव." आमच्याकडे काही बिघडलं की आळ आधी सगळ्यात महागड्या बाटलीवर. मी त्याच बाटलीतलं पीडीजीएफ डिशमधल्या पेशींना दिलं, आठ मिनिटांनी त्या बर्फावर फोडल्या आणि ब्लॉट, म्हणजे हवं ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी, लावला. साधारण 180 किलोडाल्टन वजनाच्या जागी फॉस्फेट चढलेल्या रिसेप्टरची, म्हणजे पीडीजीएफ पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाची, पट्टी, काळीभोर. म्हणजे दोन रिसेप्टर जोडीला आले होते, त्यांनी एकमेकांवर फॉस्फेट चढवले होते. हुकूम पोचला होता.

एक पडदा मी नेहमी न पुसता राखून ठेवते. तो पाहायचं मला तिसऱ्या दिवशी सुचलं, याचीच लाज वाटते. बऱ्याचशा पेशी धुण्यात गेलेल्या, उरलेल्या मण्यांसारख्या गोल. पसरल्याच नव्हत्या. मग खोकं पाहिलं: पेशींना पकड देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचा लेप नसलेले पडदे! लेपवाल्या आणि बिनलेपाच्या खोक्यांत फरक फक्त क्रमांकातल्या एका आकड्याचा. असं पॅकिंग ठरवणाऱ्याने आयुष्यात कधी पिपेट धरलं नसणार. पण खोकं फोडलं मीच.

कोलॅजन धरतात ते इंटेग्रिन, पेशीच्या पृष्ठभागावरचे दुसरे रिसेप्टर. पेशीच्या आत अ‍ॅक्टिनचे धागे त्यांनाच जोडलेले असतात. तिथे पकड नसेल तर पुढे ओढून घ्यायचं कशाच्या जोरावर? डिशमधल्या पेशी सीरममध्ये असतानाच पाय रोवून बसल्या होत्या. ब्लॉट खरा होता, पण तो वेगळ्याच पेशींचा.

लेप देऊन पुन्हा केलं, भराभर गेल्या. सरांच्या लेखी विषय संपला.

पण त्या बिनलेपाच्या एका पडद्यावर, कडेला, चाळीसेक पेशींचा पुंजका पलीकडे पोचला होता. पुसायचं राहिलं म्हणावं, तर फोकस खालच्याच बाजूवर जुळत होता, आणि पेशी छान पसरलेल्या. या पेशी स्वतः फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन तयार करतात, तेही इंटेग्रिनला धरता येतं. पण सहा तासांत इतकं? आणि तेवढ्याच कोपऱ्यात? तो पडदा मी काचपट्टीवर चढवून ठेवलाय.